घरासाठी वॅफल मेकर: कोणता घ्यावा आणि कसा वापरावा?

इंदिरानगरकर:
नमस्कार मंडळी. महिन्यातून एकदा तरी नाशिकच्या कॉलेज रोडला जाऊन वॅफल (खळगे असलेल्या दोन तापत्या प्लेटांमध्ये भाजलेला केकसारखा पदार्थ) खायचा, हा गेली दोन वर्षे आमच्या घरचा शिरस्ता झाला आहे. मुलगा नववीत आणि मुलगी पाचवीत आहे. दोघांनाही तो मनापासून आवडतो आणि मलाही आवडतो. मात्र त्यावर चॉकलेटचा एवढा थर असतो की खालच्या पदार्थाला स्वतःची चव आहे की नाही, हेच कळत नाही. घरी केला तर साखर आपल्या हातात राहील, गव्हाचे किंवा नागलीचे पीठ वापरता येईल आणि सासूबाईंनाही खाता येईल, असा विचार आहे. त्या अंडे खात नाहीत, त्यामुळे बिनअंड्याचा वॅफल नीट जमणे ही माझी पहिली अट आहे.

गेल्या आठवड्यात मेन रोड आणि कॅनडा कॉर्नर परिसरातील तीन-चार दुकाने पाहिली. एका ठिकाणी उथळ खळग्यांचे गोल यंत्र होते, दुसऱ्या ठिकाणी खोल चौकोनी खळग्यांचे आणि दांडा धरून उलटे फिरवता येणारे होते, तर तिसऱ्या ठिकाणी प्लेट बदलून सँडविच, ग्रिल आणि वॅफल असे तिन्ही करून देणारे होते. किमतींत तिपटीचा फरक होता आणि तो कशामुळे आहे, हे विक्रेत्यांना सांगता आले नाही. आमच्याकडचा त्रिकोणी कप्प्यांचा सँडविच टोस्टर वर्षभर वापरून माळ्यावर गेला आहे. याचेही तसे होऊ नये म्हणून आधीच विचारते आहे. ज्यांच्याकडे हे यंत्र काही वर्षे खरोखर वापरात आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खरपूस:
ताई, मी आठ वर्षांपासून घरी वॅफल करतो आहे आणि या काळात दोन यंत्रे वापरली आहेत. तुमच्या अटीपासूनच सुरुवात करतो, कारण यंत्राची निवड त्या अटीवरच ठरते.

वॅफल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकच पदार्थ येतो, पण त्याच्या जाती वेगवेगळ्या आहेत. अमेरिकी पद्धतीचा वॅफल पातळ आणि उथळ खळग्यांचा असतो आणि बेकिंग पावडरवर फुलतो. बेल्जियममध्ये दोन मुख्य प्रकार आहेत: ब्रुसेल्सचा वॅफल आयताकृती, खोल खळग्यांचा, यीस्टने फुगवलेल्या पातळ पिठाचा आणि अतिशय हलका असतो, तर लिएजचा वॅफल कणकेसारख्या घट्ट पिठाचा असून त्यात साखरेचे जाड खडे घातलेले असतात, जे प्लेटवर वितळून बाहेरून करपट-गोड कवच तयार करतात. आपल्याकडे दुकानात ‘बेल्जियन’ म्हणून जे यंत्र विकतात, ते म्हणजे फक्त खोल खळग्यांचे यंत्र.

खोल खळग्यांत पीठ जास्त जाते आणि मधला भाग जाड होतो. तो आतून हलका राहायचा असेल तर पिठात भरपूर हवा लागते. ती यीस्टमधून येते किंवा फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातून. अंडे वगळले की ती हवाही जाते आणि शिजताना घट्ट होऊन सांगाडा धरणारे प्रथिनही जाते. मग बाहेरून रंग आलेला असतो आणि आत चिकट गोळा राहतो. म्हणून बिनअंड्याचा वॅफल नियमित करायचा असेल, तर फार खोल खळग्यांच्या मागे लागू नका, उथळ किंवा मध्यम खोलीचे यंत्र घ्या. नागली, ज्वारी, इडलीचे पीठ हे सगळे आपले जिन्नसही उथळ प्लेटवरच चांगले वागतात.

आता दुकानात काय पाहायचे ते सांगतो. झाकण उघडून त्याचे वजन हाताने अजमावा. बिडाचा जाड तवा आणि पत्र्याचा तवा यांत भाकरीला जो फरक पडतो, तोच येथे पडतो. जड प्लेट थंड पीठ पडल्यावरही आपली धग धरून ठेवते. हलकी प्लेट एकदम निवते आणि पीठ भाजण्याऐवजी उकडले जाते. झाकणाची बिजागरी किंचित वर सरकणारी हवी, म्हणजे पीठ फुगले की झाकण सपाट वर उचलले जाते आणि वॅफल एका बाजूला पातळ, दुसऱ्या बाजूला जाड होत नाही. प्लेटच्या कडेने पन्हळ असेल तर उतू गेलेले पीठ तेथे थांबते. ती नसेल तर ते बिजागरीत शिरते आणि तेथून काढणे हे फार कटकटीचे काम आहे. माझ्या पहिल्या यंत्राला पन्हळ नव्हती, म्हणून हे आवर्जून लिहितो.

उष्णता कमी-जास्त करायची कळ असावी. नुसता लाल-हिरवा दिवा असलेली यंत्रे मैद्यापुरती ठीक आहेत, पण प्रत्येक पिठाला लागणारी धग वेगळी असते. उलटे फिरवण्याच्या सोयीचा उपयोग खोल खळग्यांत पीठ वरच्या प्लेटपर्यंत पसरण्यासाठी होतो. उथळ यंत्रात तिची गरज नाही, आणि लहान ओट्यावर ते धूड जागाही फार अडवते.

वायरमन_सातपूर:
विजेच्या बाजूने थोडे लिहितो. घरगुती यंत्रे बहुधा ७०० ते १००० वॉटची असतात. २३० व्होल्टवर ७५० वॉटचे यंत्र सव्वातीन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते, त्यामुळे ओट्यावरचा साधा ६ अँपिअरचा सॉकेट पुरतो. बिलाचीही फार चिंता नको. अर्धा तास अखंड चालले तरी पाव युनिट ते अर्धा युनिट यांच्या मध्येच वीज जाते, आणि थर्मोस्टॅट मधूनमधून प्रवाह तोडत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. मात्र तीन पिनचा प्लग आणि आयएसआय चिन्ह पाहूनच घ्या. धातूच्या प्लेटचे यंत्र आहे आणि आपण ओल्या हाताने त्याच्या जवळ वावरतो. अर्थिंग नसेल तर ते धोक्याचे आहे.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेले यंत्र थेट आपल्या सॉकेटला लावू नये. तिकडचा दाब १२० व्होल्टचा असतो. तापणाऱ्या तारेची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ते यंत्र येथे साडेतीन पटींहून अधिक तापू पाहते आणि काही क्षणांत तार जळते. माझ्याकडे अशी दोन यंत्रे दुरुस्तीला आली होती. दोन्हींत वाचवण्यासारखे काही उरले नव्हते.

देवळालीकर:
प्लेट बदलणाऱ्या यंत्राचा माझा अनुभव सांगतो, म्हणजे निर्णयाला मदत होईल. तीन कामे एकात होतात म्हणून मोठ्या हौसेने घेतले. वॅफलची प्लेट खटका दाबून बसवायची होती. तिच्याखाली तापणारी तार वेगळी आणि मध्ये थोडी पोकळी, त्यामुळे मधोमध वॅफल करपायचा आणि कोपरे पांढरे राहायचे. चौथ्या महिन्यात खळग्यांच्या टोकांवरचा नॉनस्टिक लेप सुटू लागला. दुकानात गेलो तर सुटी प्लेट मिळत नाही, पूर्ण यंत्रच बदलावे लागेल, आणि लेप हमीत बसत नाही, असे उत्तर मिळाले. सगळीच बदलत्या प्लेटची यंत्रे अशी असतील असे मी म्हणत नाही. धुण्याला ती सोपी असतात हे खरे आहे. पण घेताना दोन गोष्टी लेखी विचारा: सुटी प्लेट मिळते का, आणि हमीत लेप येतो का.

इंदिरानगरकर:
खूप आभार. खोलीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी खोल खळग्यांचेच घेण्याच्या बेतात होते. लेप सुटतो हे वाचून मात्र धास्ती वाटते. तो पोटात गेला तर? आणि नॉनस्टिक नसलेले, गॅसवर ठेवायचे बिडाचे साचे मिळतात असे ऐकले आहे, ते कोणी वापरले आहेत का?

जुन्या_गावातली:
मी वापरते. भांडी बाजारात चौकशी केली होती, पण तेथे मिळाला नाही. शेवटी ऑनलाइन मागवला. दोन पाती, मध्ये बिजागरी आणि लांब दांडे, असा तो साचा आहे. खरे तर वॅफलचा मूळ साचा हाच. युरोपात कित्येक शतके चुलीवर असेच लांब दांड्यांचे साचे वापरत. १८६९ साली अमेरिकेत ट्रॉय शहराच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांनी शेगडीवर जागच्या जागी उलटता येईल अशा साच्याचे पेटंट घेतले, तेव्हा गरम लोखंड हाताळण्याची अडचण बरीच कमी झाली.

बिडाच्या साच्याचा वॅफल खमंग होतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो साचा रुळवावा लागतो. आप्पेपात्राला करतो तसे तेल लावून तापवणे, निवू देणे, पुन्हा तेल लावणे, असे पाच-सहा वेळा केल्याशिवाय पीठ सुटत नाही, आणि खळग्यांच्या कोपऱ्या-कोपऱ्यात तेल पोचायला हवे. आच मध्यम ठेवून दर दीड मिनिटाने उलटायचा. साबण लावायचा नाही, ओला ठेवायचा नाही. माझा साचा चांगलाच जड आहे. मनगट दुखणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. सकाळी शाळेच्या घाईत तो हाती घ्यावासा वाटत नाही. रविवारी मात्र मी तोच काढते.

खरपूस:
लेपाबद्दल. बहुतेक यंत्रांत पीटीएफई, म्हणजे आपण ज्याला टेफ्लॉन म्हणतो, तोच असतो. १९३८ साली रॉय प्लंकेट यांना शीतकरणाच्या वायूवर काम करताना तो अनपेक्षितपणे सापडला. तो जवळजवळ कशाशीही रासायनिक क्रिया करत नाही, म्हणूनच त्याला अन्न चिकटत नाही आणि एखादा कण पोटात गेलाच तर तो न पचता बाहेर पडतो. खरा धोका अति तापण्याचा आहे: २६० अंशांच्या पुढे तो विघटित होऊ लागतो आणि त्याचा धूर त्रासदायक असतो. घरात पिंजऱ्यातले पक्षी असतील तर तो धूर त्यांच्या जिवावर बेततो. वॅफलच्या प्लेटचे तापमान साधारण १८० ते २०० अंशांच्या घरात असते, त्यामुळे थर्मोस्टॅट नीट असलेल्या यंत्रात ही वेळ येत नाही. रिकामे यंत्र तासभर चालू ठेवून विसरू नका, आणि काटा-चमचा, सुरी, स्टीलचे उलथणे प्लेटला लावू नका. लेप सोलवटू लागला की पीठ तेथेच धरते. तेव्हा यंत्र बदलण्याची वेळ आली असे समजावे.

इंदिरानगरकर:
घेतला! मध्यम खोलीचा, चौकोनी, एका वेळी दोन वॅफल होणारा, ७५० वॉटचा, कळ आणि पन्हळ दोन्ही असलेला. झाकण उचलून वजन पाहत होते तेव्हा विक्रेत्याला नवल वाटले, पण दोन यंत्रांतला फरक हाताला लगेच जाणवला.

पहिला प्रयोग मात्र फसला, आणि तो सविस्तर सांगते, म्हणजे चूक कळेल. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेतील कृती घेतली, अंडे वगळले आणि तेवढ्यापुरते दूध वाढवले. मुलांना कमी गोड द्यायचे म्हणून साखर एकच चमचा घातली आणि लोणी निम्मे केले. मिश्रण गुळगुळीत व्हावे म्हणून ब्लेंडरमधून काढले. हिरवा दिवा लागताच ओतले, दोन मिनिटांनी पाहायला झाकण उचलले तर वॅफल मधोमध फाटला. अर्धा वरच्या प्लेटला, अर्धा खालच्या. पुढचे तीन अख्खे निघाले, पण पांढरट आणि ताटात येईपर्यंत वातड. मुलांनी काही न बोलता संपवले, हेच मला जास्त लागले.

सिन्नरची_सून:
ताई, माझेही अगदी असेच होते. सिन्नर तालुक्यातील गावी सकाळी केलेले वॅफल छान होतात आणि त्याच कृतीने संध्याकाळी केलेले पांढरे राहतात. मला वाटायचे की पीठच बिघडते आहे.

वायरमन_सातपूर:
सिन्नरच्या ताई, संध्याकाळी तुमच्याकडे ट्यूबलाइट लागायला वेळ लागतो का, पंखा हळू फिरतो का? तसे असेल तर पिठाचा दोष नाही. दाब २३० वरून २०० व्होल्टवर उतरला की ७५० वॉटचे यंत्र जेमतेम ५७० वॉटचे राहते. शक्ती दाबाच्या वर्गाने घटते, म्हणून उतार मोठा असतो. अशा वेळी तापण्याचा वेळ दुप्पट द्या, एका वेळी एकच खण भरा आणि दोन वॅफलमध्ये झाकण मिटून तीन मिनिटे थांबा. लांब, बारीक तारेचा एक्स्टेन्शन बोर्ड वापरत असाल तर तो काढा. तारेवर हात ठेवून पाहा. ती कोमट लागली तर तेवढी धग तुमच्या वॅफलची गेली असे समजा.

खरपूस:
इंदिरानगरकर ताई, तुमच्या प्रयोगात चार गोष्टी एकत्र आल्या. एकेक घेऊ.

लोणी आणि साखर कमी केली, ही पहिली. करंजीच्या पारीला मोहन कमी पडले की ती जशी चिवट होते, तसेच येथे होते. स्निग्धांश पिठाच्या कणांना वेढून चिवटपणा रोखतो आणि पाणी गेल्यावर कवच कुरकुरीत करतो. साखर रंगासाठीही लागते. ती अगदीच काढली की वॅफल शिजतो, पण तांबूस होत नाही. वरून चॉकलेट किंवा पाक घालणार नसाल तर पिठातील साखर कमी करण्याची गरजच उरत नाही.

दुसरी, ब्लेंडर. मैदा ओला करून घुसळला की त्यातील ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन, ताणले जाते. पोळीला आपल्याला ते हवे असते, येथे नको. कोरडे जिन्नस एका भांड्यात, ओले दुसऱ्यात, मग एकत्र करून डावाने दहा-बारा वेळाच हलवायचे. थोड्या गुठळ्या राहू द्या. दहा मिनिटे मुरले की त्या आपोआप विरतात.

तिसरी, दिवा. पहिल्यांदा दिवा बदलतो तेव्हा तार तापलेली असते, प्लेटचे कोपरे तापलेले नसतात. दिवा दुसऱ्यांदा बदलेपर्यंत थांबा.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे वाफ. पिठात पाणी आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही, आणि तांबूस रंग व खमंग वास यायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावे लागते. म्हणजे आधी वाफ जायची, मग कवच धरायचे. सुरुवातीला कडेने भसाभसा वाफ निघते, मग तिची बारीक रेघ होते, आणि ती जवळजवळ थांबली की वॅफल प्लेटपासून स्वतः सुटतो. त्याआधी झाकण उघडले तर तो फाटणारच. घड्याळ पाहू नका, वाफ पाहा. झाकण अगदी हलक्या हाताने उचलून पाहावे; अडकल्यासारखे वाटले तर अजून मिनिटभर द्यावे.

बिनअंड्याचे माझे प्रमाण देतो, वजनाने, कारण प्रत्येकाच्या घरची वाटी वेगळी असते. मैदा १२० ग्रॅम, तांदळाचे पीठ ३० ग्रॅम, साखर २० ग्रॅम, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ. दुसऱ्या भांड्यात किंचित आंबट दही १०० ग्रॅम, दूध १३० मिलिलिटर आणि वितळवलेले लोणी ४५ ग्रॅम. दह्याचा आंबटपणा सोड्याला जागवतो आणि तांदळाचे पीठ कुरकुरीतपणा देते. पीठ पळीवाढे हवे, घावनाच्या पिठाहून बरेच दाट. खण काठोकाठ भरू नका; मधोमध पळी ओतून कडेला बोटभर जागा सोडा.

आणि काढलेला वॅफल ताटात ठेवू नका, जाळीवर ठेवा. ताटात त्याचीच वाफ त्याला खालून भिजवते. एकावर एक तर मुळीच रचू नका. पावसाळ्यात आपल्याकडे हवा इतकी ओली असते की जाळीवरही तो दहा मिनिटांत मऊ पडतो. तेव्हा शक्यतो प्रत्येकाला गरम-गरमच वाढावा.

नागली:
नागलीचा उल्लेख पाहून राहवले नाही. माझे माहेर पेठ तालुक्यातील आहे, त्यामुळे नागली आमच्याकडे डब्यात नाही, पोत्यात असते. नागलीत ग्लुटेन नाही, म्हणून नुसत्या तिच्या पिठाचा वॅफल काढताना मोडतो. दोन भाग नागली आणि एक भाग कणीक घ्या, आणि मिश्रण किमान वीस मिनिटे भिजू द्या. नागलीचे पीठ सावकाश पाणी पिते आणि घाई केली तर खाताना कचकच लागते. साखरेऐवजी गूळ दुधात विरघळवून घालते. गुळाने रंग लवकर चढतो, त्यात नागली मुळात काळसर, त्यामुळे रंगावरून अंदाज येत नाही. कळ मध्यमवर ठेवायची आणि वाफेकडे लक्ष द्यायचे. १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, मुलांसाठी हा मोठाच लाभ आहे.

इडलीचे उरलेले पीठ तर या यंत्रासाठीच असावे असे मला वाटते. वाटीभर पिठात चमचाभर तेल, चमचाभर तांदळाचे पीठ, जिरे, मिरची आणि कोथिंबीर घालायची. त्यात साखर नाही, म्हणून सात-आठ मिनिटे लागतात. प्लेटला तेल लावायला विसरायचे नाही. डोशाचे पातळ केलेले पीठ चालत नाही. एक लक्षात ठेवा: डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की आपल्याकडे पीठ रातोरात आंबत नाही. न आंबलेल्या पिठाचा वॅफल विटेसारखा होतो. त्या दिवसांत मी भांडे घोंगडीत गुंडाळून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी दुपारशिवाय हात लावत नाही.

जुन्या_गावातली:
उपासाला साबुदाणा वड्याचे मिश्रण याच साच्यात दाबून पाहा. वडा तळायला लागते त्याच्या पावपट तेलही लागत नाही आणि प्रत्येक खळग्याची कड कुरकुरीत होते. बटाटा पूर्ण निवलेला हवा, नाहीतर मिश्रण चिकट होऊन प्लेटला धरते.

सिन्नरची_सून:
वायरमन दादा, तुमचे म्हणणे खरे निघाले. काल संध्याकाळी एकेकच केला, मध्ये थांबले, रंग आला. आता साफसफाईचे सांगा. प्लेटवर तपकिरी, चिकट थर बसला आहे, तो ओल्या फडक्याने निघत नाही.

खरपूस:
तुम्ही तेलाचा फवारा किंवा लोणी लावत असाल. फवाऱ्यात लेसिथिन असते, ते तापून डिंकासारखे बसते. लोण्यात दुधाचे घटक असतात, ते करपतात. साजूक तुपात ते उरलेले नसतात, म्हणून ब्रशने तूप लावा किंवा साधे शेंगदाण्याचे तेल. बसलेल्या थरासाठी प्लग काढून, प्लेट कोमट असताना ओला, घट्ट पिळलेला सुती कपडा आत ठेवून झाकण मिटा आणि दहा मिनिटांनी लाकडी काडीला कापड गुंडाळून खळगे पुसा. दोन-तीन वेळा करावे लागेल. तारेचा काथ्या नको, आणि यंत्र नळाखाली कधीच धरू नका.

द्राक्षबाग:
चॉकलेटला पर्याय हवा आहे, म्हणून लिहितो. आमची दिंडोरी तालुक्यात बाग आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये शरद सीडलेस किंवा इतर काळी द्राक्षे अर्धा किलो घेऊन हाताने चुरडा, पाणी न घालता मंद आचेवर वीस मिनिटे शिजवा, गाळा, दोन चमचे साखर आणि अर्धे लिंबू पिळून पळीला धरेपर्यंत आटवा. पिकलेल्या द्राक्षातच साखर भरपूर असते, म्हणून वरून फार लागत नाही. हिरव्या थॉमसनच्या रसाला रंग येत नाही, चव मात्र येते. हिवाळ्यात वणी–सापुतारा रस्त्याला सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी मिळते, ती नुसती चिरून साईबरोबर द्या. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल्जियमच्या एका कुटुंबाने वॅफलवर स्ट्रॉबेरी आणि फेटलेली साय घालून विकली आणि तेथूनच अमेरिकेत ‘बेल्जियन वॅफल’ हे नाव घराघरात गेले.

इंदिरानगरकर:
आज दुसरा रविवार. खरपूस दादांचे प्रमाण काट्यावर मोजून घेतले, डावाने बारा वेळा हलवले आणि गुठळ्या तशाच ठेवल्या, जरी हात शिवशिवत होता. दिवा दुसऱ्यांदा बदलल्यावर पीठ ओतले. सुरुवातीला बिजागरीच्या बाजूने वाफ इतक्या जोरात आली की खिडकीची काच धुरकट झाली. तिसऱ्या मिनिटाला चर्र आवाज बारीक होत गेला, मग लोणी कढवताना येतो तसा वास आला, आणि साडेचार मिनिटांनी वाफ अगदी दोऱ्यासारखी राहिली. झाकण उचलले तर ते अडखळले नाही. वॅफल खालच्या प्लेटवर सुटा पडला होता; खळग्यांच्या कडा गडद तांबूस, तळ फिका सोनेरी. लाकडी काडीने उचलून जाळीवर ठेवला तेव्हा टक् असा कोरडा आवाज झाला.

सासूबाईंनी त्यावर तूप आणि किसलेला गूळ घेतला. कोपऱ्याचा तुकडा आधी खाल्ला आणि म्हणाल्या, ‘याची जातकुळी आपल्या खुसखुशीत धिरड्याचीच आहे.’ मुलांनी एकही चॉकलेट मागितले नाही, अर्थात फ्रिजमध्ये स्ट्रॉबेरी होती. पाचवा वॅफल मात्र मी मुद्दाम ताटात ठेवून पाहिला. चार मिनिटांत खालची बाजू मऊ पडली होती.

शनिवारी नागलीचा करणार आहे. द्राक्षबाग दादा, तो आटवलेला रस किती दिवस टिकतो?

द्राक्षबाग:
कोरड्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, आठवडाभर. चमचा ओला बुडवू नका. आणि रस पूर्ण निवल्यावरच झाकण लावा. गरम असताना लावले तर झाकणाला धरलेले पाणी परत आत पडते आणि वरून बुरशी येते.